राखीव सर्व्हर : संकटकाळासाठी दुसरे यंत्र कसे उभारावे आणि कसे जागते ठेवावे

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० च्या सुमारास राष्ट्रीय शेअर बाजारातील (एनएसई) व्यवहार थांबले. ते पुन्हा सुरू होण्यास दुपारचे पावणेचार वाजले आणि त्या दिवशी बाजार सायंकाळी पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या अस्थिर झाल्यामुळे क्लिअरिंग कॉर्पोरेशनची जोखीम-व्यवस्थापन यंत्रणा उपलब्ध राहिली नाही, असे कारण देण्यात आले. बाजाराचे पर्यायी केंद्र चेन्नई येथे होते. तरीही व्यवहार तिकडे वळवले गेले नव्हते. ते का वळवले नाहीत, याचे स्पष्टीकरण भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) त्याच दिवशी मागितले.

राखीव सर्व्हर विकत घेणे, तो चालू ठेवणे आणि गरजेच्या क्षणी त्याच्यावर काम सोपवणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी पैसा लागतो, दुसरीसाठी लक्ष लागते आणि तिसरीसाठी निर्णय. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, रुग्णालये, विद्यापीठे आणि लहान-मोठे उद्योग आता संगणकीय नोंदींवर पूर्णपणे विसंबून आहेत. त्यामुळे हा विषय केवळ संगणक विभागापुरता राहिलेला नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत मात्र बहुधा पहिल्या गोष्टीचाच ठराव होतो.

राखीव सर्व्हर आणि बॅकअप यांतील फरक

मुख्य सर्व्हर बंद पडल्यास त्याची जागा घेण्यासाठी दुसरीकडे तयार ठेवलेले यंत्र म्हणजे राखीव किंवा स्टँडबाय सर्व्हर. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले जातात. यंत्र आहे, पण बंद आहे. संकट आल्यावर ते सुरू करून त्यावर जुन्या प्रतीतून माहिती चढवायची, हा कोल्ड स्टँडबाय. यंत्र चालू आहे, मुख्य सर्व्हरवरील बदल त्याच्याकडे ठरावीक अंतराने पोहोचतात, हा वॉर्म स्टँडबाय. प्रत्येक बदल जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो आणि यंत्र काही मिनिटांत कारभार हाती घेऊ शकते, हा हॉट स्टँडबाय. खर्च याच क्रमाने वाढत जातो.

बॅकअप ही वेगळी वस्तू आहे. बॅकअप म्हणजे भूतकाळातील एखाद्या क्षणी घेतलेली आणि त्यानंतर न बदलणारी प्रत. राखीव सर्व्हर वर्तमानाची प्रत ठेवतो आणि त्यामुळे वर्तमानातील चुकाही इमानाने उतरवून घेतो. मुख्य सर्व्हरवर कोणी ठेवीदारांचा तक्ता चुकून पुसला, तर तो राखीव सर्व्हरवरूनही क्षणार्धात पुसला जातो. खंडणीखोर सॉफ्टवेअरने धारिका कूटबद्ध केल्या, तर कूटबद्ध धारिकांचीच प्रत पलीकडे जाऊन पडते. 'आपल्याकडे स्टँडबाय आहे, मग बॅकअप कशाला' हा युक्तिवाद खर्चकपातीच्या चर्चेत वारंवार ऐकू येतो. तो सर्वांत महागडा ठरू शकतो.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर (एम्स) २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला सायबर हल्ला या संदर्भात पाहण्याजोगा आहे. संस्थेचे पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. रुग्णनोंदणीपासून घरी सोडण्याच्या कागदपत्रांपर्यंतची कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती अखेर परत मिळाली, ती हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. मुख्य यंत्रणेपासून अलग राहिलेली एक प्रत तेथे उपयोगी पडली.

म्हणून राखीव सर्व्हरच्या जोडीला तारीखवार बॅकअप हवा आणि त्याची किमान एक प्रत अशा ठिकाणी हवी, जेथे मुख्य सर्व्हरच्या प्रशासकाचा पासवर्ड चालत नाही. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये आणखी एक सोय आहे. राखीव सर्व्हरने बदल स्वीकारायचे, पण ते काही तास उशिराने लागू करायचे, असे त्याला सांगता येते. चूक वेळीच ध्यानात आली, तर हा मागे चालणारा सर्व्हर तारून नेतो.

दोन आकडे आधी ठरवावेत

यंत्राची निवड करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत. संकट आले तर किती वेळाची माहिती गमावणे परवडेल? आणि किती वेळ काम बंद राहिलेले चालेल? पहिल्या उत्तराला तंत्रज्ञ 'आरपीओ' म्हणतात आणि दुसऱ्याला 'आरटीओ'. मराठी वाचकाला आरटीओ म्हटले की वाहन परवान्याची रांग आठवते. येथे त्याचा अर्थ सेवा पूर्ववत होण्यास लागणारा कमाल वेळ इतकाच.

सेबीने २२ मार्च २०२१ रोजी शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांच्यासाठी काढलेल्या परिपत्रकात हे आकडे निश्चित केले. महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत ती घटना 'आपत्ती' म्हणून जाहीर करायची, जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे आणि गमावलेल्या माहितीची मर्यादा १५ मिनिटांच्या वर जाऊ द्यायची नाही. यांतील पहिला आकडा विशेष महत्त्वाचा आहे. बिघाड झाल्यावर 'पाच मिनिटांत सुरू होईल' या आशेवर तासनतास निघून जातात, असा सर्वत्रचा अनुभव आहे. आशा कधी सोडायची, याची वेळच नियमाने बांधून दिली.

तालुक्याच्या पतसंस्थेला ४५ मिनिटांची घाई नसेल. तिला चार तास चालतील. पण 'चालतील' हे संचालकांनी लिहून द्यायला हवे, कारण चार तास आणि ४५ मिनिटे यांच्या खर्चात मोठी तफावत असते.

अंतर किती असावे

फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या कंपनीच्या डेटा केंद्राला आग लागली आणि त्यातील एक इमारत पूर्णपणे भस्मसात झाली. काही ग्राहकांचा मूळ डेटा आणि त्याची बॅकअप प्रत दोन्ही त्याच आवारात होते, त्यामुळे दोन्ही गेले. एकाच खोलीतील दोन कपाटांत दोन सर्व्हर ठेवणे हे यंत्र बिघडल्यास कामी येते. आग, पूर, वीजपुरवठ्यातील बिघाड किंवा छापा-जप्ती यांत ते निरुपयोगी आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे लक्षात ठेवले तर तळघरात सर्व्हर आणि त्याच तळघरात जनित्र ठेवण्याचा मोह आवरता येतो.

सेबीच्या नियमानुसार पर्यायी केंद्र वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावे किंवा किमान ५०० किलोमीटर दूर असावे. परंतु अंतर वाढले की दुसरी अडचण उभी राहते. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते चेन्नई हे हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे जाऊन येण्यास किमान दहा मिलिसेकंद लागतात. केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात अधिक. प्रत्येक नोंद पलीकडे पोहोचल्याची पावती आल्यावरच ती पक्की मानायची, अशी समकालिक पद्धत ठेवली तर प्रत्येक व्यवहाराला हा विलंब सोसावा लागतो. पावतीची वाट न पाहता पुढे जाण्याची पद्धत ठेवली तर वेग टिकतो, पण मुख्य सर्व्हर अचानक गेल्यास वाटेत असलेल्या नोंदी हरवतात.

यावर मोठ्या संस्थांनी शोधलेला मार्ग तीन ठिकाणांचा आहे. मुख्य केंद्र, त्याच शहरात जवळचे एक केंद्र, जेथे प्रत्येक नोंद समकालिक पोहोचते, आणि दूरच्या शहरातील तिसरे केंद्र, जेथे ती थोड्या उशिराने पोहोचते. लहान संस्थेला तिसरे ठिकाण भाड्याने घेणे आता शक्य आहे. ॲमेझॉनची केंद्रे मुंबई व हैदराबाद येथे, मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि गुगलची मुंबई व दिल्ली येथे असल्याने माहिती देशाबाहेर न नेता दोन दूरच्या शहरांत ठेवता येते. तेथे पूर्ण क्षमतेचे यंत्र सतत चालवण्याचीही गरज नाही. डेटाबेसची छोटी प्रतिकृती चालू ठेवावी आणि संकटाच्या वेळी तिची क्षमता वाढवावी. स्वयंपाकघरातील गॅसच्या शेगडीवर ज्योत बारीक ठेवावी, तसा हा प्रकार.

प्रत्यक्ष उभारणी

मुक्तस्रोत डेटाबेस पोस्टग्रेसचे उदाहरण घेता येईल. २०१० च्या ९.० या आवृत्तीपासून त्यात ही सोय अंगभूत आहे. डेटाबेस प्रत्येक बदल प्रथम एका क्रमवार नोंदवहीत लिहितो आणि नंतर मूळ तक्त्यांत उतरवतो. ही नोंदवही अखंडपणे दुसऱ्या यंत्राकडे पाठवली आणि तेथे त्याच क्रमाने वाचली, की दुसरी प्रत तयार होते. मुख्य सर्व्हरवर प्रतिकृतीसाठी स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करायचा, त्याला केवळ राखीव सर्व्हरच्या पत्त्यावरून आणि कूटबद्ध जोडणीनेच प्रवेश द्यायचा, पहिली संपूर्ण प्रत राखीव यंत्रावर उतरवायची आणि त्या यंत्राला 'तू राखीव आहेस' असे सांगून सुरू करायचे, इतकाच हा विधी आहे. जाणकार व्यक्तीला त्यासाठी एक दिवस पुरतो. दोन्ही यंत्रांवर डेटाबेसची मुख्य आवृत्ती एकच असली पाहिजे.

पहिल्या प्रतीला लागणारा वेळ आधी मोजावा. २०० जीबीचा डेटाबेस १०० एमबीपीएसच्या वाहिनीवरून पूर्ण वेगाने गेला तरी सुमारे साडेचार तास घेतो. रोजच्या बदलांना तेवढी रुंद वाहिनी लागत नाही. आठ तासांच्या कामकाजात चार जीबी बदल होत असतील, तर सरासरी एक एमबीपीएसच्या थोडे वरच भरते. फसगत होते ती सरासरीवर विसंबल्याने. समजा, ३१ मार्चला सर्व खात्यांची व्याजआकारणी एकदम झाली आणि अर्ध्या तासात २० जीबी नोंदी निर्माण झाल्या. वाहिनी ५० एमबीपीएसची असेल, तर अर्धा तास संपताना राखीव सर्व्हर पावणेनऊ जीबी मागे असेल आणि बरोबरी गाठण्यास त्याला आणखी तेवीस मिनिटे लागतील. वर्षातील सर्वांत मोलाच्या नोंदी त्या तेवीस मिनिटांत एकाच यंत्रावर असतात.

उलट दिशेचा धोकाही आहे. राखीव सर्व्हरने न उचललेल्या नोंदी मुख्य सर्व्हरने जपून ठेवाव्यात, अशी व्यवस्था करता येते आणि ती सहसा केली जाते. राखीव यंत्र आठवडाभर बंद राहिले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर मुख्य सर्व्हरची डिस्क या साठलेल्या नोंदींनी भरते आणि तोच बंद पडतो. संरक्षणासाठी आणलेल्या यंत्राने धन्यालाच आडवे पाडावे, असा हा प्रकार. साठ्यावर मर्यादा घालण्याची सोय पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, ती वापरावी. समकालिक पद्धतीत एकच राखीव सर्व्हर असेल, तर तो बंद पडताच मुख्य सर्व्हरवरील नव्या नोंदी पावतीची वाट पाहत खोळंबतात, हेही ध्यानात असावे.

डेटाबेस पलीकडे पोहोचला म्हणजे संस्था पोहोचली, असे होत नाही. ग्राहकांच्या स्वाक्षऱ्यांच्या व ओळखपत्रांच्या प्रतिमा, अहवालांचे साचे, रात्री आपोआप चालणारी कामे, संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र, लघुसंदेश पाठवणाऱ्या कंपनीकडे नोंदवलेला आयपी पत्ता या गोष्टी डेटाबेसच्या बाहेर राहतात. सॉफ्टवेअरचा परवाना पुष्कळदा एका विशिष्ट यंत्राशी बांधलेला असतो आणि दुसऱ्या यंत्रावर ते सॉफ्टवेअर उघडतच नाही. हे पुरवठादाराला करार करतानाच विचारावे. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या कालसेवेशी जुळवणे अपेक्षित आहे. राखीव यंत्रावर मुख्य यंत्राइतकीच खासगी माहिती असते, त्यामुळे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातील सुरक्षेची जबाबदारी त्यालाही तितकीच लागू होते. कोपऱ्यात ठेवलेले, अद्ययावत न केलेले राखीव यंत्र हल्लेखोरांना सोयीचे दार ठरते.

कारभार कोणी आणि केव्हा सोपवायचा

मुख्य सर्व्हर बंद पडला की राखीव सर्व्हरने आपोआप ताबा घ्यावा, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु राखीव सर्व्हरला समोरून उत्तर येईनासे झाले, तर समोरचे यंत्र बंद आहे की केवळ मधली तार तुटली आहे, हे त्याला एकट्याने कळू शकत नाही. तारच तुटली असेल आणि दोघेही स्वतःला मुख्य समजून नोंदी स्वीकारू लागले, तर एकाच खात्याचे दोन इतिहास तयार होतात.

गिटहब या संकेतस्थळाला २१ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याचा अनुभव आला. जाळ्यातील उपकरण बदलण्याच्या नेहमीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने तेवढ्यात पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेसला मुख्य केले. संपर्क परत आला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर अशा नोंदी होत्या, ज्या दुसरीकडे नव्हत्या. त्या जुळवून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

स्वयंचलित बदल हवाच असेल, तर तिसऱ्या ठिकाणी एक साक्षीदार यंत्र असावे आणि तिघांपैकी दोघांचे एकमत झाल्यावरच ताबा बदलावा. जुन्या मुख्य सर्व्हरची वीज किंवा जाळ्याची जोडणी आधी खात्रीने तोडली जावी आणि मगच नवा मुख्य घोषित व्हावा. लहान संस्थांसाठी माणसाने घेतलेला निर्णय अधिक सुरक्षित आहे. मात्र तो माणूस कोण, तो रजेवर असेल तर कोण आणि कोणालाही न विचारता त्याने किती मिनिटांनंतर हा निर्णय घ्यावा, हे कागदावर असावे. तो कागद छापलेला असावा, कारण बंद पडलेल्या सर्व्हरवर ठेवलेली कार्यपद्धती वाचता येत नाही.

लक्ष आणि सराव

राखीव सर्व्हरवर लक्ष न ठेवल्याची किंमत गिटलॅब या कंपनीने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केली आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिचा राखीव डेटाबेस मुख्य डेटाबेसच्या मागे पडला. तो नव्याने उभारण्यासाठी अभियंत्याने त्यावरील डेटा पुसण्याची आज्ञा दिली. ती प्रत्यक्षात मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधले तर रोजचा बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती ९.२ आणि डेटाबेसची ९.६, न जुळल्याने बॅकअप मुकाट्याने अयशस्वी होत होता. अपयश कळवणारी ईमेल पत्रे स्वीकारणाऱ्या सर्व्हरने नाकारली होती. चाचणीच्या कामासाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून कंपनी वाचली.

या घटनेतून घेण्याजोग्या काही सवयी साध्या आहेत. राखीव सर्व्हर किती सेकंद मागे आहे, हा आकडा सतत मोजावा आणि तो मर्यादेबाहेर गेल्यास दूरध्वनी वाजावा. 'सर्व ठीक' असा रोजचा संदेशही यावा. तो आला नाही, तर तीच इशाऱ्याची घंटा समजावी. मुख्य आणि राखीव सर्व्हरच्या आज्ञापटलांचे रंग वेगळे ठेवावेत. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखाद्या वेगळ्या यंत्रावर पूर्ण डेटाबेस उभा करून त्यातील कालच्या ताळेबंदाचा आकडा जुळवून पाहावा.

सरावाबाबत सेबीच्या परिपत्रकातील एक अट इतर क्षेत्रांनी उचलण्यासारखी आहे : सराव सुरू असताना मुख्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी पर्यायी केंद्राला कोणतीही मदत करायची नाही. खरे संकट आले तर मुख्य केंद्रातील माणसेही उपलब्ध नसतील, हे त्यामागील गृहीतक. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, शेअर बाजारांनी विशेष सत्र घेतले. सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून आणि साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून खरे व्यवहार झाले. १८ मे २०२४ रोजी असेच सत्र पुन्हा घेण्यात आले. पतसंस्थेला हाच प्रयोग एखाद्या सुटीच्या आदल्या दिवशी, कामकाजाच्या शेवटच्या तासाभरासाठी करता येईल. संकेतस्थळाचा पत्ता नव्या यंत्राकडे वळवायचा असल्यास त्या पत्त्याच्या नोंदीचा मुदतकाळ आधीच काही मिनिटांवर आणून ठेवावा. अन्यथा ग्राहकांचे संगणक जुन्याच पत्त्यावर तासनतास दार ठोठावत राहतात.

मुख्य केंद्राकडे परतण्याचा टप्पा बहुतेक आराखड्यांत दोन ओळींत उरकलेला असतो. दुरुस्त झालेला जुना सर्व्हर नुसता सुरू करून जाळ्यात जोडू नये. त्याच्याकडील माहिती शिळी असते आणि तो स्वतःला अजूनही मुख्यच समजत असतो. त्याला प्रथम नव्या मुख्य सर्व्हरचा राखीव म्हणून उभे करावे, बरोबरी गाठू द्यावी आणि मग सोयीच्या रात्री, ठरवून, भूमिकांची अदलाबदल करावी. पोस्टग्रेसमध्ये जुन्या सर्व्हरला दोन्ही इतिहास वेगळे झाले त्या बिंदूपर्यंत मागे नेणारे साधन आहे, त्यामुळे पूर्ण प्रत पुन्हा वाहून आणण्याचे तास वाचू शकतात. ते साधन चालावे यासाठीची मांडणी मात्र सर्व्हर बंद पडण्याआधीच, पहिल्या उभारणीच्या वेळी करून ठेवावी लागते.